पाच तासांत संगीत नाटक उभं राहत नाही

प्रति,
मराठवाड्यातील महानगरपालिकांचे आयुक्त, नगरपरिषदांचे मुख्याधिकारी आणि नाट्यगृहांचे व्यवस्थापक यांस,

विषय : जुन्या संगीत आणि गद्य नाटकांच्या प्रयोगांसाठी नाट्यगृहातली वेळ, ऑर्गनची जागा, पडद्यांचे बार आणि वीज.

सप्रेम नमस्कार.

आम्ही मराठवाड्यात जुनी नाटकं करणारी मंडळी. ज्यांची नावं आता अभ्यासक्रमापुरती उरली आहेत अशी संगीत नाटकं आणि त्यांच्याच काळातली गद्य नाटकं पुन्हा रंगमंचावर आणायची, एवढंच आमच्या छोट्या संस्थेचं काम. हे पत्र अनुदानासाठी नाही. महोत्सवासाठी तर नाहीच नाही. आम्हाला हवेत एका दिवसातले सलग दहा तास, पुढच्या दोन रांगा हलवायची मुभा, पडदे टांगायचे, खाली उतरणारे बार (आडवे पाइप) आणि तीन फेजची धड जोडणी. नाट्यगृहं आपण बांधलीत, काही तर झकास बांधलीत. पण ती भाड्याने जातात सत्कार, स्नेहसंमेलन आणि कार्यशाळांच्या हिशोबाने. नाटकाचा हिशोब वेगळा असतो, संगीत नाटकाचा त्याहून वेगळा. तो इथे तपशिलात मांडतो.

आधी कागदपत्रांचं, कारण गाडी पहिल्यांदा तिथेच अडते.

संगीत नाटक म्हटलं की आपल्याकडे 'सौभद्र', 'मानापमान', 'संशयकल्लोळ' आणि 'कट्यार काळजात घुसली' ही चार नावं पुढे येतात. त्यांच्यामागे केवढी रांग उभी आहे! श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची 'वीरतनय' आणि 'मूकनायक', देवलांचं 'शापसंभ्रम', मामा वरेरकरांची सुरुवातीची नाटकं. गद्यात देवलांनी 'ऑथेल्लो'वरून केलेलं 'झुंझारराव', 'टेमिंग ऑफ द श्रू'वरून वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी केलेली 'त्राटिका', शिवराम महादेव परांजप्यांचा 'मॅकबेथ'वरचा 'मानाजीराव'. नाट्यगृहाच्या अर्जात मात्र सरसकट 'लेखकाचे संमतीपत्र जोडावे' असा रकाना असतो. गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले. त्यांचं संमतीपत्र कोणी आणायचं?

कायदा सरळ आहे. लेखकाच्या निधनानंतरच्या जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची. ती संपली की संहिता सगळ्यांची. कोल्हटकर १९३४ साली गेले, म्हणजे त्यांची नाटकं केव्हाच मोकळी झाली. 'मानापमान'चे लेखक खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांची नाटकं २००९ पासून मोकळी. वरेरकर १९६४ साली गेले, म्हणून त्यांची नाटकं १ जानेवारी २०२५ पासून कोणालाही करता येतात. संगीताचा हक्क वेगळा मोजावा लागतो. 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते १९५५ साली गेले, तेव्हा तिथेही अडचण नाही. पण फुलंब्रीचं नाव आडनावात वागवणाऱ्या मास्टर कृष्णरावांनी संगीत दिलेलं रांगणेकरांचं १९४२ सालचं 'कुलवधू' करायचं तर दोघांच्याही वारसांची लेखी परवानगी लागते, कारण मास्टर कृष्णराव १९७४ साली गेले आणि रांगणेकर १९९५ साली. जुन्या पदाला आजच्या संगीतकाराने नवी चाल लावली असेल तर ती चाल त्याची. तेव्हा अर्जातल्या त्या रकान्यात एक ओळ वाढवा : 'हक्क संपले असल्यास लेखक व संगीतकार यांचे मृत्युवर्ष लिहावे.' रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र मागा, जरूर मागा. ते आम्ही जोडतोच.

आता वेळ. नाट्यगृह सत्रावर मिळतं आणि सत्र साधारण पाच तासांचं असतं. भाषणाच्या कार्यक्रमाला त्यातले दोन तास उरतात. नाटकाचं काय होतं बघा. टेम्पो रिकामा करायला पाऊण तास. पडदे बांधायला आणि नेपथ्य उभं करायला दीड तास. दिवे बांधून, रोखून, प्रत्येक प्रवेशाची पातळी लिहून घ्यायला दोन तास. ऑर्गन-तबला लावणं आणि ध्वनीची चाचणी यांना एक तास. रंगभूषा आणि नऊवारी नेसवणं याच वेळात आत चाललेलं असतं, त्याचा वेगळा वेळ धरत नाही. हे झाले सव्वापाच तास आणि अजून तिसरी घंटाही झालेली नाही. प्रयोग तीन तास वीस मिनिटांचा. नंतर सगळं उतरवून टेम्पोत भरायला दीड तास. बेरीज दहा तासांच्या थोडी वर जाते.

प्रयोग तरी एवढा लांब का, असं कोणी विचारेल. मुळात ही नाटकं रात्रभराची. १८८० च्या 'शाकुंतला'त दोनशेच्या वर पदं होती, 'सौभद्रा'त शंभरावर. आम्ही रंगावृत्ती करताना पदं चोवीसच्या आसपास आणतो. प्रत्येकी तीन मिनिटं धरली तर बहात्तर मिनिटांचं गाणं, साधारण शंभर मिनिटांचा गद्य भाग, दोन मध्यंतरांची पंचवीस मिनिटं. हे तीन तास सतरा मिनिटं झाले. याहून कापलं की कथा सांगणारी पदं जायला लागतात आणि उरतो नुसता नाट्यगीतांचा कार्यक्रम. ते करणारे पुष्कळ आहेत आणि छान करतात. आमचं काम ते नव्हे. काय कापायचं याचंही एक तंत्र आहे. ज्या पदातून बातमी कळते, निश्चय होतो किंवा गैरसमज वाढतो ते ठेवायचं. जे आधीच्या संवादातली भावना पुन्हा सांगतं ते काढायचं. काढल्यावर मात्र राहिलेली पदं ओळीने लावून बघावी लागतात. मधलं पद गेल्यामुळे एकाच रागाची दोन पदं पाठोपाठ आली तर दुसरं पडतं, गाणारा कितीही तयारीचा असो. आणि वन्स मोअर आला तर पाच-सात मिनिटं वाढतात. तेवढ्यात मागचे दिवे उघडझाप करून 'आवरा' सांगायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती बंद करावी, ही हात जोडून विनंती.

एकाच सत्रात कोंबलं की सगळ्यात आधी बळी जातो दिव्यांचा. प्रेक्षक आत येत असताना शिडीवर चढून रोखलेला स्पॉट नटाच्या छातीवर पडतो, चेहरा राहतो अंधारात. गद्य नाटकात नट हलता असतो, त्यामुळे हे खपून जातं. पदाला तो एका जागी चार मिनिटं उभा राहतो आणि चूक चार मिनिटं दिसत राहते. म्हणून मागणी अशी : नाटकासाठी सलग दहा तासांचं एक 'नाट्यसत्र' करा. प्रयोगाच्या पाच तासांना पूर्ण भाडं घ्या. मांडणी आणि आवराआवरीच्या पाच तासांना पाव भाडं घ्या, कारण त्या वेळात वातानुकूलन लागत नाही, प्रेक्षागृहातले दिवे लागत नाहीत, एक पहारेकरी पुरतो. दीडशे रुपयांची अडीचशे तिकिटं गेली तर गल्ला होतो साडेसदतीस हजार. त्यात बावीस माणसांचा प्रवास-जेवण, टेम्पो, दिवे, रंगभूषा आणि जाहिरात बसवायची. दोन पूर्ण सत्रांचं भाडं त्यात बसत नाही. तिकीट पाचशे रुपयांपर्यंत असेल तर नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, हेही हिशोब तपासणाऱ्या लिपिकाला एकदा लेखी कळवून ठेवलेलं बरं.

रात्री दहाचं बंधन हा असाच एक गैरसमज. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत वापरायला ती लागू नाही. नाट्यगृहाचं दार लावलेलं असेल तर पावणेअकराला संपणारा प्रयोग नियमात बसतो. तालुक्याच्या गावी मोकळ्या पटांगणात मात्र दहा म्हणजे दहा. सण-उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पण वर्षात पंधराच दिवस, आणि ते गणपती, नवरात्र, जयंत्यांमध्ये सरतात. त्यातला एक दिवस नाटकाला मागण्याइतके आम्ही भोळे नाही. त्यापेक्षा रविवारी दुपारी चारचा प्रयोग लावू द्या. आसपासच्या गावांतून आलेल्या प्रेक्षकाला शेवटची एसटीही मिळते.

आता ऑर्गन, म्हणजे पायांनी भाता चालवून वाजवायची मोठी पेटी. या विषयावर थोडं जास्त लिहितो, कारण संगीत नाटक आणि बाकीचं नाटक यांतला फरक इथेच आहे.

ऑर्गन आणि तबला रंगमंचासमोर, प्रेक्षकांच्या पातळीवर किंवा त्याहून खाली बसतात. हा शोभेचा प्रश्न नाही. नट पदाच्या सुरुवातीला गद्यातून सुरात शिरतो, मध्येच थांबून वाक्य बोलतो, लहर लागली तर आलाप वाढवतो. वादकाला त्याचे ओठ आणि छाती दिसली तरच सम सापडते, आणि नटालाही वादकाचा हात दिसावा लागतो. नव्या नाट्यगृहांत पिट, म्हणजे वादकांसाठी रंगमंचापुढचा खड्डा, नसतो म्हणून साथीदारांना विंगेत बसवतात. तिथून नट पाठमोरा दिसतो. आवाज पोचायला स्पीकरवर भिस्त असते आणि प्रत्येक आवर्तनात साथ केसभर मागे पडते. ऐकणाऱ्याला वाटतं, नट बेताल आहे.

पिट खणायला नको. रंगमंचासमोर डाव्या हाताला दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद मोकळी जागा पुरते. तिथे आज काय आहे? निमंत्रितांचे सोफे. ते बहुतेक प्रयोगांना रिकामे असतात, पण बोल्टने जमिनीला ठोकलेले असल्यामुळे हलत नाहीत. त्या कोपऱ्यातले बोल्ट काढून तिथे सुट्या खुर्च्या ठेवा. तेवढ्या जागेत एक वीजजोडणी, झाकण असलेले दोन छोटे दिवे आणि तीन फूट उंचीची काळी कापडी आडोशाची चौकट द्या, म्हणजे वहीवरचा उजेड प्रेक्षकांच्या डोळ्यात जाणार नाही.

ऑर्गन चार माणसांशिवाय उचलत नाही. मागच्या दाराला पायऱ्या असतील तर लाकडी उतार हवा : पायऱ्यांची उंची अडीच फूट असेल तर उतार निदान पंधरा फूट लांब, आणि वर खरखरीत पट्टी. शिवाय हे वाद्य हवा आत ओढून वाजतं. बाहेरची धूळही त्याबरोबर स्वरपट्ट्यांपर्यंत जाते आणि पितळी जिभेच्या फटीत एक कण अडकला की तो स्वर मुका होतो किंवा फरफरतो. पदाच्या मध्यावर गंधार गेला तर वादक काय करणार? प्रयोगाच्या अर्धा तास आधी गालिच्यावर झाडू मारण्याची जी पद्धत आहे ती या वाद्याच्या मुळावर येते. झाडलोट सकाळी उरकावी आणि नंतर फक्त ओल्या फडक्याने पुसावं. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की भात्याचं कापड तडकतं, सांधे उघडतात. पावसाळ्यात उंदीर चामडं कुरतडतात. ज्या नाट्यगृहात रंगमंचामागे आठ बाय दहाची एखादी खोली रिकामी आहे तिथे जमिनीपासून फूटभर उंच फळीवर ऑर्गन कायम ठेवायला जागा द्या. शहरातल्या सगळ्याच संस्था तो वापरतील. देखभाल आम्ही करू.

तबल्याचं दुखणं निराळं. पुरुष नट पेटीच्या काळी एक किंवा पांढरी दोन या पट्टीत गातो, स्त्री नट काळी चार-पाचमध्ये. त्यामुळे एका नाटकाला दोन-तीन दाये (उजव्या हाताचे तबले) लागतात; काळी एकला सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा, खालच्या सुरांना त्याहून मोठ्या तोंडाचे. ऑर्गनचे स्वर जागचे हलत नाहीत, चामडं हलतं. दमट हवेत ते सैल पडून उतरतं, कोरड्या हवेत किंवा दिव्याच्या उष्णतेत चढतं. गरम प्रेक्षागृहात दाया लावायचा, पहिल्या घंटेला वातानुकूलन सुरू व्हायचं आणि नांदी संपेपर्यंत सूर घसरलेला असायचा, हे ठरलेलंच. वातानुकूलनाचे पैसे आपण घेताच, तर ते प्रयोगाच्या तासभर आधी सुरू करा आणि मध्यंतरात बंद करू नका.

वीज. वीस दिवे प्रत्येकी हजार वॉटचे धरले तर वीस किलोवॉट झाले. एका फेजवर हा भार सत्याऐंशी अँपिअर होतो. तीन फेजमध्ये वाटला तर प्रत्येकी एकोणतीस. म्हणजे रंगमंचाला स्वतंत्र तीन फेज जोडणी हवी, प्रत्येक फेजला चाळीस अँपिअरचा ब्रेकर आणि फेजच्या तारेइतकीच जाड न्यूट्रल. न्यूट्रलकडे सहसा कोणी बघत नाही. ती ढिली झाली की एका फेजवरचा दाब पार चारशे व्होल्टकडे चढतो आणि दिवे, डिमर, मिक्सर सगळं एका क्षणात जातं. दर सहा महिन्यांनी तिचे जोड आवळून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. ध्वनियंत्रणा आणि डिमर (दिवे कमी-जास्त करणारं यंत्र) एका फेजवर ठेवू नका, नाही तर दिवा मंद केला की स्पीकर गुणगुणतो. दाब २३० वरून २०७ वर आला, म्हणजे फक्त दहा टक्क्यांनी घटला, तरी हॅलोजनचा उजेड तीस टक्क्यांनी कमी होतो आणि जो उरतो तो पिवळट. प्रयोगाच्या दिवशी लिफ्ट, पाण्याचा पंप आणि कँटीनची भट्टी रंगमंचाच्या जोडणीवर नसावी. जनरेटर पंचवीस केव्हीएचा असेल तर ०.८ च्या हिशोबाने त्यातून वीसच किलोवॉट निघतात, म्हणजे सगळे दिवे लावल्यावर ध्वनीला काही उरत नाही. तेव्हा जनरेटरवर आम्ही बारा दिव्यांतच भागवतो. पण तो चालू करणारा माणूस आत हवा, फोनवर नको.

नाट्यगृहाचा दिवेवाला म्हणून बहुधा वायरमन नेमलेला असतो. तो फ्यूज उत्तम बदलतो, पण प्रवेशाची वही त्याला कोणी शिकवलेली नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून प्रकाशयोजना शिकून मुलं बाहेर पडतात आणि काम नाही म्हणून मुंबईची वाट धरतात. प्रयोगागणिक मानधनावर त्यांतल्या एकाला बोलावलं तरी आपली उपकरणं जास्त टिकतील.

पडद्यांकडे येतो. जुन्या नाटकाची रचनाच पडद्यावर बेतलेली आहे. दरबाराचा भरगच्च प्रवेश, मग रस्त्यावरचा दोन पात्रांचा छोटा प्रवेश, मग महाल, पुन्हा रस्ता. तो मधला प्रवेश लेखकाने उगाच घातलेला नाही. पुढे रस्त्याचा पडदा सोडून त्याच्यासमोर विनोदी पात्रं बोलत असताना मागे दरबार उचलून महाल मांडला जातो. रंगमंचाच्या मधोमध खाली-वर होणारा बार नसेल तर हे जमत नाही आणि प्रत्येक बदलाला अंधार करावा लागतो. आठ बदल, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे चोवीस मिनिटं काळोखात गेली. मग लोक म्हणतात, जुनी नाटकं रेंगाळतात.

बहुतेक ठिकाणी बार वेल्डिंग करून छताला कायमचे टांगलेले असतात, त्यावर मागच्या कार्यक्रमाचा फलक लोंबत असतो आणि शिडी बारा फुटांची. आमचा पडदा तीस फूट तोंडाच्या रंगमंचासाठी छत्तीस फूट रुंद आणि अठरा फूट उंच. पाइपसकट त्याचं वजन चाळीस किलोच्या आसपास. त्याला दोर-कप्पीचा साधा बार चालतो : छताला चार कप्प्या, बाजूला एक मोठी कप्पी आणि दोर गुंडाळायला भिंतीत पक्की बसवलेली खुंटी. दोर आणि कप्पी दोन्ही वजनाच्या निदान आठ पट भार पेलणारे घ्या. असे तीन बार, एकमेकांपासून पाच फुटांवर, एवढ्याने जवळजवळ कुठलंही जुनं नाटक होतं. छताच्या तुळयांची तपासणी करून तसा दाखला नगर अभियंत्याकडून घ्यावा. तो आपल्याच हातातला आहे.

पडदे भाड्याने मिळत नाहीत, रंगवावे लागतात. तीन फूट पन्ह्याच्या मांजरपाटाच्या आडव्या सात पट्ट्या जोडल्या की शिवण आणि पाइपची खोळ धरून अठरा फूट उंची निघते. कापड सुमारे ऐंशी मीटर लागतं. शिवणी आडव्याच ठेवायच्या. उभ्या शिवणींना सुरकुत्या पडतात आणि बाजूने उजेड आला की त्या पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात. रंगवण्याआधी सरसाचा हात द्यायचा : एक किलो सरस रात्रभर भिजवून, गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवायचा आणि बारा ते पंधरा लिटर पाण्यात मिसळायचा. दाट झाला तर पडदा कडक होतो आणि घडीवर रंग तडकतो. पातळ झाला तर रंग हाताला लागतो. दौऱ्याच्या पडद्याला आम्ही पातळाकडेच झुकतो, कारण सतरा फुटी टेम्पोत छत्तीस फुटांची गुंडाळी जात नाही आणि घडी घालावीच लागते. घडी दर वेळी वेगळ्या जागी घालायची. पाइप बारा फुटांचे तीन, आतून जोडतुकडा घालून बोल्टने आवळायचे.

अग्निशमन विभागाने रंगवलेल्या पडद्याला हरकत घेतली तर त्यात चूक नाही, सुती कापड पेटतं. त्यावर उपाय आहे. दहा लिटर गरम पाण्यात एक किलो बोरॅक्स आणि साडेचारशे ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवून ते पाणी सरसाच्या आधी कापडात मुरवायचं. एका पडद्याला साधारण एवढंच लागतं. वाळल्यावर कोपऱ्यातली चिंधी कापून काडीने पेटवून बघायची. काडी दूर करताच ज्योत विझली पाहिजे. पडदा भिजला किंवा धुतला की हा लेप जातो आणि पुन्हा द्यावा लागतो. अधिकाऱ्यांनी प्रयोगाआधी ही चिंधीची चाचणी समोर करून घ्यावी आणि पत्र द्यावं. सरसकट 'कापडी पडदे नकोत' असा शेरा मारू नये.

ध्वनीबद्दल फार नाही. ही नाटकं माइकशिवाय लिहिली गेली. आमचा नट मागच्या रांगेपर्यंत पोचतो, फक्त पंखे शांत हवेत. रंगमंचाच्या कडेला तीन चपटे माइक पुरतात. दोन माइकमधलं अंतर नटापासून माइकच्या अंतराच्या तिप्पट असावं. जवळ ठेवले तर एकच आवाज दोन ठिकाणी पकडला जाऊन पोकळ होतो. स्पीकर माइकच्या रेषेच्या पुढेच असले पाहिजेत, मागे गेले की घुमतात. कॉलर माइक नकोत. दागिने आणि शेल्यावर घासून ते खरखरतात आणि नट गाताना मान वळवतो तेव्हा आवाज जातो.

रंगपटाच्या खोलीत अंगभर आरसा, नऊवारी नेसवायला सहा बाय सहा फूट मोकळी जमीन, आरशाभोवती पिवळा उजेड आणि स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला आतून लागणारी कडी. एवढं सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

एक मागणी नाट्यगृहाबाहेरची. छापील संहितेत पदांवर नुसतं 'चाल : अमुक' असं कोणत्या तरी त्या वेळच्या गाण्याचं नाव असतं, फार तर राग-ताल. स्वरलेखन नसतं. जुनी ध्वनिमुद्रिका मिळाली तरी ती तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत बसवण्यासाठी घाईने गायलेली. तीच लय रंगमंचावर धरली तर शब्द चिरडतात. अशा वेळी आमच्या कामी येतात ते इथले कीर्तनकार. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत हे किर्लोस्करांच्या नाटकांतले प्रकार नारदीय कीर्तनात अजून जिवंत आहेत. दिंडीच्या चरणात एकोणीस मात्रा आणि नवव्या मात्रेनंतर यती (थांबा), साकीत अठ्ठावीस मात्रा आणि सोळाव्या मात्रेनंतर यती. हे पुस्तकात वाचून कळतं, पण श्वास कुठे घ्यायचा हे कीर्तनकाराच्या समोर बसल्याशिवाय कळत नाही. अशी शिकवणी आणि तालीम मिळून दोन-अडीच महिने रोज संध्याकाळी तीन तास जागा लागते. आपल्याच शाळांची सभागृहं सहानंतर कुलपात असतात. तीस बाय बावीस फुटांचा चौकोन खडूने आखता येईल एवढी फरशी आणि दोन ट्यूबलाइट द्या. अनामत घ्या, शाळेचा शिपाई असेल तर त्याचा भत्ता आम्ही देऊ.

यातल्या बऱ्याच गोष्टींना अंदाजपत्रक, ठराव, निविदा लागेल, आणि त्यात एक-दोन हंगाम जातील हे आम्ही धरून चाललो आहोत. एक गोष्ट मात्र बिनपैशाची आहे. आठही जिल्ह्यांतल्या प्रत्येक नाट्यगृहाने एका पानाचा तक्ता करून दारावर लावावा आणि अर्जासोबत द्यावा. त्यात रंगमंचाच्या तोंडाची रुंदी आणि उंची, खोली, दोन्ही विंगांतली जागा, बार किती आणि त्यांतले खाली येणारे किती, चालू डिमर किती, मंजूर वीजभार, जनरेटरची क्षमता, मागच्या दाराची रुंदी आणि पायऱ्या, पुढच्या रांगा सुट्या की ठोकलेल्या, हे लिहावं. मोजपट्टी घेऊन दोन माणसांना एक दुपार पुरे. कोणाला माणसं कमी पडत असतील तर आम्ही येऊन मोजून देतो. आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो; तक्ता त्याआधी हाती पडला तर कुठल्या गावी कोणतं नाटक न्यायचं आणि कोणते पडदे टेम्पोत घालायचे ते ठरवता येईल.

आपले,
जुनी संगीत आणि गद्य नाटकं करणारे मराठवाड्यातले रंगकर्मी